बिघडलं तर कळवणार कोण?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा 'शांती' कायदा मंजूर केला, खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं आणि कोकणातल्या प्रस्तावित जैतापूर अणुप्रकल्पाचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. त्यानंतर दादरला एका परिसंवादाला गेलो होतो. व्यासपीठावर एक निवृत्त अभियंते आणि एक पर्यावरण कार्यकर्त्या. अभियंत्यांनी पिशवीतून केळं काढून वर धरलं आणि म्हणाले, "यातही किरणोत्सर्ग आहे, मग काय खायचं सोडता?" सभागृहात हशा. कार्यकर्त्या बाईंनी उत्तरादाखल पडद्यावर हातपाय वाकडे झालेल्या एका मुलाचं छायाचित्र लावलं. सभागृह चिडीचूप. पुढचा दीड तास केळं विरुद्ध छायाचित्र असा सामना चालला. शेवटी मागच्या रांगेतून जैतापूरजवळच्या साखरी नाट्याचे एक मच्छीमार उठले. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमचं केळं बरोबर असेल. पण उद्या तिथं काही बिघडलं, तर आम्हाला कळवणार कोण? आणि किती वेळाने?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. अणुवीज ही कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी कमी माणसं मारते, आणि किरणोत्सर्गाबद्दलची आपली भीती त्याच्या प्रत्यक्ष ताकदीपेक्षा खूप फुगलेली आहे. असं असूनही जैतापूर प्रकल्पाच्या जागेवर, माडबनच्या सड्यावर, अणुभट्टी नको म्हणणाऱ्याला अडाणी ठरवायला मी तयार नाही. त्याचा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाहीच. तो कळवण्याचा आहे, आणि अणुअपघातांचा इतिहास नीट वाचला तर तोच सगळ्यात शहाणा प्रश्न ठरतो.

आधी अभियंत्यांचं देणं देऊन टाकू, कारण ते बऱ्याच बाबतीत बरोबर होते. १९८६ साली सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुकेंद्राच्या स्फोटात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत ३० माणसं गेली, त्यांपैकी २८ तीव्र किरणोत्सर्गाने. पुढच्या काळातल्या कर्करोगांचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेसह काम करणाऱ्या गटाने २००५ साली मांडला, तो सर्वाधिक झळ बसलेल्या सहा लाख लोकांत सुमारे ४,००० मृत्यूंचा. काही अभ्यासक याच्या अनेक पट आकडा सांगतात. तो मोठा आकडा धरला तरी कोळशाशी तुलना केल्यावर चित्र पालटत नाही. अब्ज युनिटांच्या हिशेबाने सगळे अपघात आणि प्रदूषण मोजलं, तर कोळसा अणुवीजेच्या शेकडो पट माणसं मारतो. फरक इतकाच की कोळशाने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'दमा' किंवा 'हृदयविकार' असं लिहिलेलं असतं. चंद्रपूरच्या आभाळाखाली वाढलेल्या मुलाच्या छातीचं छायाचित्र कुठल्या परिसंवादात लावलं जातं? नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा २०२२ च्या जुलैत फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत पसरला. दोन दिवस बातमी आली, मग विषय संपला.

आणि भीती स्वतःही माणसं मारते, हे विरोधकांनी मान्य करायला हवं. चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये पोहोचलेला किरणोत्सर्ग गर्भाला धोका व्हावा इतका नव्हता. तरी घाबरलेल्या जोडप्यांनी हव्या असलेल्या सुमारे अडीच हजार गर्भांचा गर्भपात करून घेतला, असा अंदाज तिथल्या संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. जपानमध्ये २०११ च्या अणुअपघातानंतर फुकुशिमा केंद्राजवळच्या फुताबा रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले वृद्ध रुग्ण घाईघाईने बसमध्ये घातले गेले. तासन्‌तास प्रवास, सोबत डॉक्टर नाही, औषध नाही. त्यांतले चाळीसच्या वर दगावले. किरणोत्सर्गाने त्यांच्यातलं कुणीही गेलं नाही. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर, हालअपेष्टा आणि खचलेल्या मनामुळे झालेले मृत्यू सरकारदप्तरी २,३०० च्या वर आहेत. जर्मनीने याच भीतीपोटी १५ एप्रिल २०२३ ला आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत तिथले पोलीस ल्युत्सेराथ हे खेडं रिकामं करत होते. कशासाठी? खालचा लिग्नाइट कोळसा काढण्यासाठी.

इथपर्यंत अभियंते जिंकले. मग सभागृह त्यांच्या बाजूने का आलं नाही? कारण त्यांनी सांगितलेली गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी दुधाची आहे.

२६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. बाहेर पडलेल्या द्रव्यांत आयोडीन-१३१ होतं. ते हवेतून गवतावर बसतं, गवत गाय खाते, गायीकडून ते दुधात येतं, आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ते खऱ्या आयोडीनसारखंच शोषून घेते. मुलाची ग्रंथी छोटी आणि पिण्यात दूध जास्त, म्हणून मार त्यालाच बसतो. पण याचं अर्धायुष्य जेमतेम आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मंच उरतं. दोन-अडीच महिने ताजं दूध टाळलं आणि सुरुवातीलाच साध्या आयोडीनची मात्रा देऊन ग्रंथी भरून ठेवली, की धोका जवळपास टळतो. गोळी किंवा द्रावण, काही पैशांचा खर्च. अणुअपघातातल्या सगळ्या संकटांत इतकं स्वस्तात टळणारं दुसरं संकट नाही. त्याला लागते एकच गोष्ट: वेळेवर कळणं.

प्रिप्यात हे शहर भट्टीपासून अवघ्या तीन किलोमीटरवर. तिथली ४९ हजार माणसं शनिवारचा अख्खा दिवस नेहमीसारखी वावरली, मुलं अंगणात खेळली. दुसऱ्या दिवशी दुपारी बस आल्या आणि तीन दिवसांपुरतं सामान घ्या असं सांगण्यात आलं. जगाला पत्ता लागला तो स्वीडनमुळे. २८ एप्रिलला फोर्समार्कच्या अणुकेंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला, तो त्यांच्या केंद्रातला नव्हता. संध्याकाळी मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवर काही ओळींचं निवेदन आलं. १ मे रोजी कीव्हच्या मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघाली, मुलांसकट. गोर्बाचेव्ह पडद्यावर येऊन बोलले ते १४ मेला. तोवर दूध पिऊन झालं होतं. त्या वेळी लहान असलेल्यांत २००५ पर्यंत सहा हजारांहून अधिक थायरॉइड कर्करोग नोंदले गेले, असं संयुक्त राष्ट्रांची समिती सांगते.

शेजारच्या पोलंडला मॉस्कोने काहीही कळवलं नव्हतं. पण त्यांच्या ईशान्येकडच्या एका मापन केंद्रात २८ तारखेला सकाळी काटा चढला. शास्त्रज्ञांनी सरकारला उठवलं, आणि २९ तारखेच्या संध्याकाळपासून शाळा-दवाखान्यांत आयोडीनचं द्रावण वाटायला सुरुवात झाली. काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना ते पाजलं गेलं. लहानग्यांसाठी दुधाची भुकटी आली, हिरव्या चाऱ्यावरच्या गायींचं दूध रोखलं गेलं. पोलंडही तेव्हा कम्युनिस्टच होता, हे ध्यानात घ्या. तिथे वारा कमी वाहिला हे खरं, पण वाऱ्याची दिशा आधी कुणाला ठाऊक होती?

"ते सोव्हिएत होते हो," असं अभियंते म्हणतात. बरं, जपानकडे जाऊ. लोकशाही, मोकळी वृत्तपत्रं, जगात कुणाहून कमी नाही असं तंत्रज्ञान. ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली, फुकुशिमा दाइचीच्या आपत्कालीन जनरेटरांत पाणी शिरलं, तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. केंद्राजवळच्या नामिए गावचे हजारो लोक वायव्येला त्सुशिमा भागात गेले आणि तीन-चार दिवस तिथेच राहिले. मुलं बाहेर हुंदडत होती. किरणोत्सारी ढग नेमका त्याच दिशेने सरकला. ढग कुठे जाईल हे सांगणारी संगणकीय यंत्रणा जपान सरकारने मोठ्या खर्चाने उभारलेली होती. तिचे अंदाज तयार होते. १४ मार्चला ते अमेरिकी लष्कराला मिळाले. स्वतःच्या जनतेसमोर ते २३ मार्चला आले. कारण काय, तर आकडे खात्रीचे नाहीत आणि लोक घाबरतील.

हे "लोक घाबरतील" फार महाग पडलेलं वाक्य आहे.

आता याच्या शेजारी दुसरं जपानी केंद्र ठेवा. ओनागावा हे भूकंपाच्या केंद्रबिंदूला दाइचीपेक्षा जवळ. तिथेही १३ मीटरच्या आसपास लाट आली. पण बांधणीच्या वेळी यानोसुके हिराई या अभियंत्याने इसवी सन ८६९ च्या जुन्या त्सुनामीचा दाखला देत, इतर १२ मीटर पुरे म्हणत असताना, जागा जवळपास १५ मीटर उंचीवर हवी असा हट्ट धरला होता. केंद्र वाचलं. इतकंच नाही, गावातली घरं वाहून गेल्यावर साडेतीनशेहून अधिक गावकरी त्याच अणुकेंद्राच्या व्यायामशाळेत महिनोन्‌महिने आसऱ्याला राहिले. दाइचीच्या कंपनीकडेही २००८ मध्ये अंतर्गत हिशेब होता: १५ मीटरहून उंच लाट येऊ शकते. कागद फायलीत राहिला. तीच लाट, तोच देश, तेच तंत्रज्ञान. फरक पडला तो कोणी काय ऐकून घेतलं याने. म्हणूनच जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर ३१ मार्च १९९३ ची पहाट बघा, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजनला आग लागली, आणि मुख्य वीज व पर्यायी वीज यांच्या केबल एकाच वाटेने नेलेल्या असल्याने दोन्ही जळून केंद्र १७ तास अंधारात गेलं. कर्मचारी हातात विजेऱ्या घेऊन धुरातून वर चढले, हाताने झडपा उघडल्या, डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप जोडून पाणी पोहोचवलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या माणसांचे पुतळे उभारायला हवे होते. आज विचारून बघा, नरोरा हा शब्द किती जणांना माहीत आहे? अपघात लपवण्याच्या सवयीत आपण आपलं शौर्यसुद्धा लपवलं. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात तर माहिती रोखण्याचा अधिकार सरकारला देणारं स्वतंत्र कलमच होतं.

या सगळ्याचा कोकणाशी संबंध काय? रत्नागिरी जिल्ह्यातल्याच तिवऱ्याला विचारा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसांसकट. धरण गळतंय हे गावकरी आधीपासून सांगत होते. आणि फुटल्यावर राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण काय दिलं? खेकडे. खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणे. अणुभट्टीपुढे मातीचं धरण म्हणजे पोरखेळ. त्याची गळती ज्यांना दिसत नाही आणि फुटल्यावर ज्यांना खेकडे दिसतात, त्यांच्या हाती ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प द्यायला राजापूर तालुक्यातला माणूस कचरला, तर त्याला विज्ञानाचं पुस्तक वाचायला सांगायचं? त्याने पुस्तक वाचलं नसेल, पण वर्तमानपत्र वाचलंय.

भोपाळ तर आणखी बोचरं. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री कारखान्याचा बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. लोक जागे झाले ते खोकल्याने, आणि पळाले. पळताना धाप लागली, धापेबरोबर वायू आत गेला. ओला टॉवेल तोंडावर धरा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, एवढी दोन वाक्यं कुणी भोंग्यातून सांगितली असती तर किती जण वाचले असते?

१८९७ च्या पुण्याची आठवण येते. प्लेगच्या रोग्याला वेगळं ठेवणं, घर धुऊन काढणं यात वैद्यकीय तर्क होता. पण रँडच्या कारभारात गोरे सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले, तपासणीच्या नावाखाली बायाबापड्यांची विटंबना झाली. परिणाम? लोक रोगी लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. प्लेगपेक्षा प्लेगवाल्यांची दहशत जास्त बसली. सरकारी डॉक्टरांच्या नजरेत ते नेटिवांचं अज्ञान होतं. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी नाट्यात आंदोलकांवर गोळीबार होऊन एक जण ठार झाला, तेव्हाही 'गैरसमज पसरवले जात आहेत' हेच ऐकू आलं. शब्द सव्वाशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र अजून राहिला, आणि त्याला पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. मृत्यू मोजले की जमीन मोजायची राहते. प्रिप्यात आजही ओसाड आहे. आणि कोकणात तर जमीन दूषित व्हायचीही गरज नाही, संशय पुरे. 'जैतापुरात गळती' अशी एक ओळ मोबाइलवर फिरली, खरी असो वा खोटी, की त्या मोसमात वाशीच्या बाजारात रत्नागिरी-देवगडच्या पेट्यांना हात कोण लावेल? नाट्याच्या मासळीचा लिलाव कोण बोलेल? फुकुशिमात २०१२ पासून तांदळाचं पोतं न् पोतं तपासलं गेलं. २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेबाहेर निघालं नाही, तरी भाव वर्षानुवर्षं पडलेलाच राहिला. जपानी भाषेत अशा अफवेच्या नुकसानीला स्वतंत्र शब्द आहे आणि त्याची भरपाई मिळते. दाइचीच्या कंपनीने दिलेली एकूण भरपाई दहा लाख कोटी येनच्या वर गेली, म्हणजे पाच लाख कोटी रुपयांच्या घरात. आपल्या नव्या कायद्यात मोठ्यात मोठ्या प्रकल्प-चालकाची जबाबदारी ३,००० कोटींवर थांबते, त्यापुढचं सरकार बघणार. सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून वसुली करता येईल असं जे कलम २०१० च्या कायद्यात भोपाळची आठवण ठेवून घातलं होतं, तेही गेलं. अणुभट्टी इतकी सुरक्षित आहे असं विकणाऱ्यालाच वाटत असेल, तर त्याला त्या कलमाची एवढी धास्ती का होती?

(खर्चाचा मुद्दा वेगळाच. जैतापूरसाठी ठरलेल्या जातीची भट्टी फ्रान्सने फ्लामाँव्हीलला २००७ मध्ये बांधायला घेतली, ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली, आणि खर्च तीन अब्ज युरोंवरून तेरा अब्जांच्या पुढे गेला. विरोधकांचं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे, आणि ते ते वाकड्या हातापायांच्या छायाचित्रामागे झाकून ठेवतात.)

तरीही मी अणुवीजेच्या बाजूने का? कारण वरचे सगळे दोष माणसांच्या कारभारातले आहेत, आणि ओनागावा व पोलंड दाखवतात की कारभार वेगळा असू शकतो. सूर्य आणि वारा जेवढा वाढेल तेवढा हवाच, पण रात्रीची आणि पावसाळ्यातली वीज आज कोळसा देतो, आणि तो रोज मारतो. म्हणून माझी अट क्रमाची आहे: आधी कळवण्याची व्यवस्था, मग काँक्रीट. अणुऊर्जा नियामक मंडळाबद्दल महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये म्हटलं होतं की ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच घराण्याच्या ते अधीन आहे. त्याच अहवालात देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण यंत्रणांपैकी ५२,१७३ विनानोंदणी चालल्याचा उल्लेख आहे. गंमत बघा, ज्या किरणांची आपल्याला भीती नाही त्यांच्यावर कुणाची नजरही नव्हती. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे चांगलं झालं. आता ते एखाद्या सरकारी केंद्राला जाहीरपणे टाळं लावून दाखवेल, त्या दिवशी लोक त्याला ओळखतील.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत आणि स्वस्तही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किरणोत्सर्ग मापक, शाळेतल्या पोरालाही वाचता येईल असा, आणि त्याचे आकडे प्रकल्पाच्या हातून न जाता थेट फोनवर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आयोडीनच्या गोळ्या, मुदत तपासलेल्या. सोळा किलोमीटरच्या आपत्कालीन पट्ट्यातल्या प्रत्येक वाडीत वर्षातून एकदा सराव, तोही जुलैत, कोसळत्या पावसात, जेव्हा मोबाइलची रेंज गेलेली असते आणि घाटात दरड असते. बागायतदाराला आणि मच्छीमाराला अफवेच्या नुकसानीचा विमा. केळं वर धरण्यापेक्षा यातली एक गोष्ट करून दाखवली असती तर दादरचं ते सभागृह अभियंत्यांचं झालं असतं.

त्या दिवशी झालं ते असं. मच्छीमारांचा प्रश्न ऐकून अभियंते समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, त्यासाठी यंत्रणा आहे." काकांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "नंबर सांगा."